जीव लावणाऱ्यांचा थकवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काम केलं. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी सासूबाईंना डिमेन्शिया असल्याचं निघालं. पुढची साडेचार वर्षं नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात मी त्यांचं सगळं केलं. त्या गेल्यावर, आपल्यासारखीच घरात रुग्ण सांभाळणारी माणसं एकत्र बसावीत म्हणून महिन्यातला एक शनिवार ठरवला. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकतो, चहा करतो. कुणाचे वडील अर्धांगवायूने पडून असतात, कुणाच्या बायकोची केमो चालू असते, कुणाचा मुलगा ऑटिझमचा असतो. नोकरी म्हणून हेच काम करणाऱ्या सिस्टर आणि मावश्याही येतात. तिथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न खाली लिहिले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

"मला काहीच वाटेनासं झालंय. हा आजार आहे का?"

ज्या दिवशी हॉलमध्ये नवीन कुणी येतं, त्या दिवशी हा प्रश्न येतोच. आणि तो फार हळू आवाजात येतो.

दुसऱ्याचं दुखणं रोज जवळून पाहून, त्यात जीव ओतून ओतून एक वेळ अशी येते की मन दाद देणं बंद करतं. याला कम्पॅशन फटीग म्हणतात. मराठीत कुणी 'करुणेचा थकवा' म्हणतं, कुणी 'अनुकंपेचा थकवा'. आमच्या शनिवारी आम्ही 'जीव लावून आलेला थकवा' म्हणतो, कारण तसं म्हटलं की आजींनाही लगेच कळतं. १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी अमेरिकेतल्या नर्सांच्या मासिकात यावर लेख लिहिला होता. हे नर्सांच्या मासिकात इतक्या लवकर लिहून ठेवलं गेलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढे १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी त्यावर पुस्तक काढलं आणि हा शब्द डॉक्टर, समुपदेशक, अग्निशमन दलाचे जवान अशा सगळ्यांपर्यंत गेला.

डॉक्टरांच्या कागदावर लिहायचं हे निदान नाही. पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

माझं माहेर निफाडकडचं, घरी गुरं होती. गाय भ्याली किंवा फार दमली की पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण ती ते सोडत नाही. आजी अशा वेळी गाईला मारू द्यायची नाही. तिला सावलीत बांधायची, पाणी दाखवायची, पाठीवरून हात फिरवायची आणि थांबायची. तुमची माया आटलेली नाही. मनाने पान्हा चोरलाय. ज्यांना 'मी दगड झालोय' असं वाटतं त्यांना मी एवढंच सांगते, आणि ते समजूत घालायला म्हणून सांगत नाही. गेली तीस-पस्तीस वर्षं मी हे होताना पाहत आले आहे.

"साधा थकवा, बर्नआउट आणि हे, यांत फरक काय?"

साधा थकवा झोपेने जातो. रविवारी दुपारी तीन तास झोप मिळाली आणि उठल्यावर माणूस हसून बोलला, तर तो साधा थकवा.

बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वापरात आणला. तो कामाच्या ओझ्यातून येतो. माणसं कमी, ड्युट्या जास्त, वरून बोलणी आणि पगार वेळेवर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, बर्नआउटला कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हटलं आहे, आजार म्हटलेलं नाही. बँकेतल्या माणसालाही तो होतो.

करुणेचा थकवा दुसऱ्याच्या वेदनेच्या जवळ राहिल्याने येतो. काम कमी असलं, पगार चांगला असला तरी येतो. त्यालाच लागून आणखी एक प्रकार आहे, दुय्यम आघात. अपघात दुसऱ्याचा, पण स्वप्नं तुम्हाला. जळीत वॉर्डातली एक मुलगी मला म्हणाली होती, "सिस्टर, मला पोळी भाजताना वास येतो." तो दुय्यम आघात. बर्नआउट महिनोन्महिने साचत जातो, हा मात्र एका दिवसात येऊ शकतो. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी एकाच माणसात सापडतात, त्यामुळे नावावरून फार डोकं लावू नका.

"मला हे झालंय, हे कसं ओळखू?"

माझंच सांगते. एका सकाळी सासूबाईंना नाचणीची पेज भरवत होते. चमचा त्यांच्या पुढच्या दातावर आपटला, जरा जोरातच. त्या "आई गं" म्हणाल्या. मी ओठ पुसले आणि पुढचा चमचा भरला. वाटी संपत आली तेव्हा पेजेत फिकट गुलाबी रेघ दिसली. ओठाच्या आतून रक्त येत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी "लागलं का?" असं विचारलंच नव्हतं. ३१ वर्षांत परक्या माणसाला सुई टोचतानासुद्धा हे दोन शब्द माझ्या तोंडून आपोआप निघायचे. घरच्या माणसाला विचारायचे राहिले, आणि राहिले याचं वाईटही वाटलं नाही. वाईट वाटलं ते रात्री, भांडी घासताना.

प्रत्येकाची खूण वेगळी असते. कुणाला रुग्णाने हाक मारली की पोटात गोळा येतो. कुणी बाथरूममध्ये गरजेपेक्षा दहा मिनिटं जास्त बसतं, कारण घरात तिथेच एक कडी असते. शेजारणीने तिचं दुखणं सांगितलं की 'हे काय घेऊन बसलीये' असं वाटतं. झोप येत नाही, आली तर रुग्णाचीच स्वप्नं पडतात. डोकं दुखतं, पित्त होतं, पाठ धरते, पाळी मागेपुढे होते. गणपतीत आरती चालू असताना आपण टाळ्या वाजवतोय पण तिथे नाही आहोत, असं वाटतं. स्वतःच्या गोळ्या घ्यायच्या राहतात. आमच्याकडे येणाऱ्या एका काकांनी बायकोचं इन्शुलिन एकदाही चुकवलं नाही, स्वतःची बीपीची गोळी मात्र चार महिने घेतली नव्हती.

यातलं एखादं सगळ्यांनाच कधीतरी होतं. आठवडेच्या आठवडे राहिलं आणि तुमच्या ओळखीचे 'तुम्ही' त्यात सापडेनासे झालात, तर समजा.

"बाबा आता जावेत असं मनात येतं. मी इतकी वाईट आहे का?"

नाही.

हे वाक्य आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा एका मुलीने उच्चारलं तेव्हा शेजारच्या तिघींनी मान खाली घातली. त्या रागावल्या असतील असं मला वाटलं. नंतर कळलं की तिघींच्याही मनात ते आधी येऊन गेलं होतं.

मनात येणं आणि हाताने करणं यांत फार मोठं अंतर आहे. तुमचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, तुम्ही दर दोन तासांनी त्यांची कूस बदलता, म्हणून त्यांच्या पाठीला जखम नाही. मनात काहीही येऊ दे, हात काय करतायत ते बघा. 'जावेत' या शब्दात बहुतेक वेळा 'हे हाल संपावेत' असं असतं, आणि त्यात त्यांचे हाल आणि तुमचे हाल वेगळे काढता येत नाहीत.

आपल्याकडे सेवेला पुण्याची जोड आहे. आई-वडिलांच्या सेवेत विटेवर देव उभा राहिला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मलाही ती फार प्रिय आहे. पण पुंडलिकाला रात्री किती झोप मिळत होती, हे कुणी सांगत नाही. सेवा करणाऱ्याला राग येता कामा नये, कंटाळा येता कामा नये अशी अपेक्षा आपण त्या गोष्टीत नंतर भरली, आणि तिच्या ओझ्याखाली कितीतरी सुना, मुली, मुलगे मुकाट्याने झिजतात. राग आला की अपराधी वाटतं, अपराधी वाटलं की भरपाई म्हणून आणखी राबायचं, आणखी राबलं की आणखी राग. हे चाक थांबवायचं असेल तर आधी ते वाक्य कुणापुढे तरी मोठ्याने म्हणा. अट एकच, ऐकणारा "असं बोलू नये" म्हणणारा नसावा.

मात्र हात उगारला गेला, रुग्णाला जाणूनबुजून उपाशी ठेवलं, औषध मुद्दाम चुकवलं किंवा जास्त दिलं, तर तो मनातला विचार राहिला नाही. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी घरात बोलवा आणि डॉक्टरांना खरं सांगा. वॉर्डात हात थरथरायला लागले तर आम्ही सुई दुसरीच्या हातात द्यायचो. यात लाज नाही.

"डॉक्टर-नर्सना तर सवय असते. त्यांना कसा थकवा येईल?"

मरणाची सवय होत नाही. मरणाभोवतीच्या कामाची होते. मृतदेहाच्या नाकात कापूस घालताना माझे हात सराईत होते, पण तेरा नंबर बेडच्या मुलाचा कंपासबॉक्स उशीखाली सापडला तेव्हा मला कुठलीच सवय कामी आली नाही.

२१ एप्रिल २०२१ ला आपल्या शहरात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून एका रुग्णालयातले कितीतरी रुग्ण दगावले. माझी एक मैत्रीण तेव्हा दुसऱ्याच रुग्णालयात होती, त्या घटनेशी तिचा संबंध नव्हता. तरी ती पुढे वर्षभर ड्युटीवर पोचली की आधी ऑक्सिजनचा मीटर बघायची, मग हजेरीवर सही करायची. घरी गॅसच्या शेगडीचा आवाज जरा बारीक झाला तरी दचकायची. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणाच्या निकषांत बदल केला. दुसऱ्यांवर आलेल्या भयंकर प्रसंगांचे तपशील कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा समोर येत असतील, तर तेही आघाताचं कारण ठरू शकतं हे त्यांनी मान्य केलं. त्याच्या फार आधीपासून वॉर्डाला ते माहीत होतं.

तरी एका बाबतीत सिस्टरचं बरं असतं, आणि घरच्यांना मी नेहमी तेच सांगते. आम्हाला हँडओव्हर असतो. रात्री आठला नाइटची सिस्टर येते. एक नंबर बेडपासून दोघी चालत जातो. सलाईन किती उरलं, लघवी किती झाली, ताप किती होता, सोबत कोण आहे, कोण रडतंय. ती ऐकते, रजिस्टरवर सही करते. त्या सहीनंतर ते पेशंट तिचे. मी चप्पल बदलते आणि बाहेर पडते. बाहेर पडूनही मन मागे रेंगाळतं हे खरं, पण जबाबदारी रेंगाळत नाही. सासूबाईंच्या साडेचार वर्षांत मला कुणी सही करून दिली नाही. मला थकवलं ते कामाने नव्हे, या गोष्टीने. तेवढंच काम मी वॉर्डात रोज करत होते.

"घरात करणारी मी एकटीच. मग हँडओव्हर कुणाला देऊ?"

सगळ्यांत जास्त वेळ आमचा याच प्रश्नावर जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

"काही लागलं तर सांग हं" असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना काय करायचं ते कळत नसतं. त्यांना तास द्या. "मंगळवारी संध्याकाळी पाच ते आठ बाबांजवळ बसाल का?" असं विचारा. मदत असा मोघम शब्द वापरला तर होकार मिळतो, माणूस मिळत नाही. वार आणि वेळ सांगितली की दहातले तीन-चार खरंच येतात.

एक वही करा. शंभर पानी, साधी. औषधं कुठली, किती वाजता, कशाबरोबर. गिळताना ठसका लागतो का, कुठल्या कुशीवर दुखतं, टीव्हीवर काय लावलं की शांत होतात. आलेल्या माणसाला वही द्या, पाच मिनिटं सगळं सांगा आणि त्याला सही करायला सांगा. गंमत म्हणून नाही, खरोखर. आमच्यातल्या एका वहिनींनी हे सुरू केलं तेव्हा दीर आधी हसले. सही केल्यावर मात्र त्यांनी तीन तासांत एकही फोन केला नाही.

मग घराबाहेर पडा. शेजारच्या खोलीत आडवं होणं म्हणजे सुट्टी नव्हे, कान जागेच राहतात. कृषीनगरच्या ट्रॅकवर जा, गोल्फ क्लबवर जा, मैत्रिणीकडे जाऊन नुसतं झोपा. भाजी आणायला जाऊ नका. ती वेळ भाजीची नाही.

पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या भावंडांशी हिशेब स्पष्ट करा. पैसे पाठवणं हा त्यांचा वाटा आहेच, आणि तो ठरलेल्या तारखेला यावा. त्याखेरीज वर्षातून एक पूर्ण आठवडा त्यांनी येऊन सगळं स्वतः करावं, तुम्ही घरात नसताना. तुम्ही समोर असाल तर ते पाहुणे होतात. हे बोलताना भांडण होतं, मला माहीत आहे. आमच्याकडेही झालं होतं. नणंद रडली, मीही रडले, आणि दिवाळीनंतर ती आठ दिवस येऊन राहिली. तिसऱ्या रात्री तिने मला फोन करून विचारलं, "वहिनी, तू हे कसं केलंस गं?" त्या एका वाक्याने माझं जितकं दुखणं उतरलं तितकं कुठल्या गोळीने उतरलं नसतं.

रात्रीला सगळ्यांत आधी माणूस शोधा. दिवसाची ओढाताण सोसते, सलग झोपमोड सोसत नाही. नर्सिंग ब्युरोकडून माणूस घेणार असाल तर चोवीस तासांचा खर्च परवडत नसला तरी आठवड्यातून दोन रात्री परवडतात का ते बघा.

सरकारी गोष्टींपैकी तीन माहीत असू द्यात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, त्याबद्दल समाजकल्याण कार्यालयात विचारा आणि विचारत राहा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

"आम्ही मावशी ठेवल्यात. आता घरच्यांना त्रास नाही."

तुमचा त्रास कमी झाला, चांगलंच झालं. आता मावशींकडे बघा. त्या बहुतेक पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या असतात. चोवीस तास राहतात आणि रुग्णाच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपतात. तुमच्या आजी गेल्या की तुम्ही तेरा दिवस शोक करता, मावशींना चौथ्या दिवशी दुसऱ्या घरी, दुसऱ्या मरणाशेजारी जायचं असतं. आठ घरं करून आलेल्या एका मावशींना मी विचारलं, "कुणाची आठवण येते?" त्यांनी आठही नावं सांगितली. क्रमाने.

त्यांना आठवड्याची सुट्टी द्या. ती त्यांनी मागायची वाट बघू नका. दुपारी दोन तास त्यांच्या हक्काचे ठेवा. ताट घरच्यांसारखंच द्या. आणि रुग्ण गेल्यावर हिशेब चुकता करून लगेच निरोप देऊ नका, जवळ बसवून चहा द्या आणि आजींबद्दल बोला. त्यांनीही माणूस गमावलेलं असतं.

"मी नर्स नाही, शिक्षिका आहे. मलाही असंच वाटतं."

होऊ शकतं. ज्याच्या कामात दुसऱ्याचं दुःख ऐकणं किंवा पाहणं आलं, त्या कुणालाही. पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या आशाताई, रुग्णवाहिकेचे चालक, पोलीस, बालगृहातल्या ताई. घरची मारहाण सांगणाऱ्या मुलीचं ऐकून पुढच्या तासाला गणित शिकवायला उभी राहणारी शिक्षिकाही त्यातच आली.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांना तर फारच. आपल्याकडे संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाने घुबडं, घारी, बगळे कापले जातात. बंदी असूनही कापले जातात. पक्षी सोडवायला जाणारा एक मुलगा आमच्याकडे दोनदा येऊन गेला. तो म्हणाला, "काकू, पतंग दिसला की मला आकाश बघवत नाही." संक्रांत हा त्याच्या लहानपणीचा सगळ्यांत लाडका सण होता.

"मग जीव कमी लावायचा का? अंतर ठेवायचं का?"

मला नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच शिकवलं गेलं होतं, की गुंतू नका. मी ते कधी पाळू शकले नाही, आणि आता वाटतं की सल्लाच अर्धवट होता.

जर्मनीतल्या टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी मेंदूच्या तपासण्या करून यावर काम केलं आहे. दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं स्वतःत ओढून घेणं आणि त्याचं भलं व्हावं अशी ऊब मनात धरणं, या दोन वेळी मेंदूतले वेगवेगळे भाग कामाला लागतात असं त्यांना दिसलं. पहिल्याने माणूस खचतो, दुसऱ्याने सावरतो. आणि दुसरं सरावाने वाढवता येतं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की 'करुणेचा थकवा' हे नावच चुकलं, थकवते ती सहवेदना. मला ते पटतं, पण शब्द आता रुळलाय.

आपल्याला हे नवीन वाटू नये. आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत ज्यांनी वस्ती केली त्या बौद्ध भिक्खूंच्या परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार भाव एकत्र शिकवतात. उपेक्षा म्हणजे आजच्या मराठीतलं दुर्लक्ष नव्हे, मनाचा तोल. नुसती करुणा सुटी शिकवलेली नाही, तिच्यासोबत मुदिताही आहे, म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद. मी वॉर्डातून निघताना बऱ्या होत असलेल्या एका तरी पेशंटपाशी मुद्दाम थांबायचे. त्याने आज भात खाल्ला, एवढं ऐकायचे. त्याला मुदिता म्हणतात हे मला फार नंतर कळलं.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊ का, असं पुष्कळजण विचारतात. बरे असताना जरूर जा. पण झोप उडालेली असताना, रडू आवरत नसताना दहा दिवसांच्या मौनात जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

"योगा, फिरणं, सहल यांनी बरं होतं का?"

शरीराला बरं वाटतं, म्हणून करा. पण नाइट संपवून आलेल्या सिस्टरला "प्राणायाम कर" असं सांगणाऱ्या वरिष्ठांनी आधी तिची सलग पाचवी नाइट रद्द करावी. सहलीचंही तसंच. त्र्यंबकला जाऊन आलात आणि परत त्याच चोवीस तासांत शिरलात तर बुधवारपर्यंत सगळं जागच्या जागी येतं.

"स्वतःला तपासायची काही पद्धत आहे का?"

व्यावसायिकांसाठी प्रोक्वोल नावाची तीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. कामातून मिळणारं समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघात असे तीन आकडे त्यातून निघतात. समाधान वेगळं मोजलं जातं हे मला आवडतं, कारण दमलेल्या माणसातही ते असतं. घरी करणाऱ्यांसाठी झरिटची बावीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. दोन्ही आरशासारख्या आहेत. तापमापक समजून निदान करू नका. समुपदेशकासोबत बसून भरल्या तर जास्त उपयोग होतो.

"सिंहस्थात ड्युटी लागणार आहे. आत्तापासून काय करू?"

२०२७ च्या सिंहस्थासाठी हा प्रश्न सिस्टर, पोलीस आणि स्वयंसेवक तिघांकडूनही येतो. गर्दीत हरवलेली म्हातारी माणसं, भोवळ येणारी, बुडता बुडता वाचलेली असं सगळं एका दिवसात पाहावं लागू शकतं. जोडीने ड्युटी मागा. रोज ड्युटी संपल्यावर त्या जोडीदाराशी दहा मिनिटं, आज काय जड गेलं तेवढंच बोला आणि मग घरी जा. घरी पोचल्यावर बातम्यांत तेच परत पाहू नका. पर्वणी संपली की पुढचे दोन दिवस सुट्टीचे आधीच लिहून द्या.

"डॉक्टरांकडे कधी जायचं?"

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक गेलेली असेल. रडू थांबत नसेल, किंवा कधीच येत नसेल. झोपेसाठी गोळ्या किंवा दारू लागत असेल. रुग्णाला इजा होईल अशी भीती वाटत असेल. ही नैराश्याची किंवा आघाताच्या आजाराची लक्षणं असू शकतात, आणि त्यांवर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा.

जगू नये असं वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका. टेलिमानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रुग्ण झोपलेला असताना गॅलरीत उभं राहूनही हा फोन करता येतो.

"आई गेल्या तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हे कुणाला सांगू?"

आम्हाला सांगा.

सासूबाई गेल्या तेव्हा मलाही तसंच वाटलं. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. सगळे म्हणायला लागले, काहीतरी इच्छा राहिली असेल. मी मनात म्हणाले, त्या दिवशी लागलं का हे विचारायचं राहिलं, ते आज विचारते. कावळा थोड्या वेळाने शिवला. तो त्यामुळे आला असं मी म्हणत नाही, पण माझं मन तिथे पहिल्यांदा हललं. साडेचार वर्षांत न आलेलं रडू घाटाच्या पायऱ्यांवर आलं.

त्यानंतरही कित्येक महिने मला रात्री दोनला जाग यायची. कूस बदलायची वेळ. उठून त्या खोलीत जायचे, रिकामा पलंग बघून परत यायचे. हवेची गादी मी तेराव्यानंतर लगेच देऊन टाकली होती. ती घाई झाली असं आता वाटतं, थोडे दिवस असू द्यायला हवी होती. लोक "आता मोकळी झालीस" म्हणतात. त्यांना उत्तर द्यायची गरज नाही, आणि लगेच नवीन काही अंगावर घ्यायचीही नाही. आमच्या शनिवारी येणाऱ्यांपैकी चौघांचे रुग्ण आता नाहीत. ती माणसं अजून येतात, सतरंजी तीच टाकतात.